विमानतळ ते कटरा : दिल्लीला खरेदीस जाणाऱ्यांसाठी भाड्याचा हिशेब

नफा विक्रीत नसतो, खरेदीत असतो, असे जुने व्यापारी सांगत आले आहेत. त्याला जोडून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. खरेदीतला नफा पुष्कळ वेळा वाटखर्चात निघून जातो. कापड घासाघीस करून मीटरमागे दोन रुपयांनी कमी घ्यायचे आणि तेच पैसे टॅक्सीवाल्याच्या हातावर ठेवायचे, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

पूर्वी मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर किंवा औरंगाबादचा व्यापारी दिल्लीला रेल्वेने जात असे. गाडीतून उतरला की बाजार चालत जाण्याच्या अंतरावर असे. आता मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, या ठिकाणांहून विमानाने दिल्लीला जाता येते. तिकीट आधी काढले तर ते परवडते आणि दुकान बंद राहण्याचे दिवस वाचतात. पण विमान बाजारात उतरत नाही. ते शहराबाहेर पालमला उतरते आणि चांदणी चौक तिथून सुमारे २० किलोमीटर दूर राहतो. या २० किलोमीटरचा हिशेब बहुतेक लोक घरून करून निघत नाहीत. दारातून बाहेर आले की जो पहिला माणूस "चलिये साहब, कहाँ जाना है" म्हणतो, त्याच्या मागे जातात. आजच्या धड्याचा विषय हा शेवटचा टप्पा आहे.

मोठ्या व्यापाऱ्याला यातून चार-पाचशे रुपयांचा फरक पडला तरी त्याचे काही बिघडत नाही. परंतु वर्षातून चार वेळा शंभर-दीडशे सूट पीस आणणारा लहान दुकानदार, किंवा प्रदर्शनात दहा बाय दहाची जागा घेऊन हिमरू, पैठणी, चामड्याच्या वस्तू मांडणारा कारागीर, याला हा फरक नक्की जाणवतो. हा धडा मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

पहिला पाठ : तिकिटावरचे टर्मिनल वाचा

दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर तीन टर्मिनल आहेत : टी-१, टी-२ आणि टी-३. टी-३ सन २०१० मध्ये सुरू झाले. टी-२ त्याच्या शेजारीच आहे, सामान घेऊन चालत जाता येते. टी-१ मात्र वेगळ्या बाजूला, काही किलोमीटर दूर आहे. टर्मिनल वेगळे म्हणजे मेट्रोचा मार्गही वेगळा. म्हणून तिकीट काढताना भावाबरोबर टर्मिनलही पाहावे आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा पाहावे, कारण विमान कंपन्या अधूनमधून टर्मिनल बदलतात. सन २०२४ च्या जूनमध्ये टी-१ च्या छताचा भाग कोसळल्यावर तिथली विमाने दुसरीकडे हलवली होती. ते टर्मिनल एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पूर्ण चालू झाले. टी-२ ही त्याच वर्षी दुरुस्तीसाठी काही महिने बंद होते आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उघडले. तेव्हा मागच्या खेपेची आठवण या खेपेला उपयोगी पडेलच असे नाही.

आणखी एक सावधगिरी. गाझियाबादजवळच्या हिंडन विमानतळावरूनही सन २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तिकिटावर दिल्लीच्या पुढे हिंडन लिहिलेले असेल तर पालमचा हिशेब तिथे लागू नाही. हिंडनला सर्वांत सोयीचे मेट्रो स्टेशन म्हणजे लाल मार्गावरचे शहीद स्थळ. तिथवर ऑटोने जावे लागते. हा लाल मार्ग सीलमपूर, शास्त्री पार्कवरून कश्मीरी गेटला जातो. गांधीनगरच्या तयार कपड्यांच्या बाजारात जाणाऱ्याला तो सोयीचा आहे, कारण सीलमपूरला उतरून ई-रिक्षाने पुढे जाता येते.

दुसरा पाठ : टी-३ आणि टी-२ वर उतरलात तर

इथून विमानतळाचा खास मेट्रो मार्ग आहे. त्याला एअरपोर्ट एक्स्प्रेस म्हणतात आणि नकाशात तो नारिंगी रंगाने दाखवतात. टी-३ च्या बाहेर पडले की मेट्रोच्या पाट्या दिसतात. त्यांच्यामागे गेले की स्टेशन येते. नवी दिल्लीकडे जाताना वाटेत एरोसिटी, धौला कुआँ आणि शिवाजी स्टेडियम ही तीनच स्टेशने लागतात, म्हणून गाडी सुमारे २० मिनिटांत पोहोचते. त्याच वेळात टॅक्सी धौला कुआँच्या गर्दीत उभी असते.

या मार्गाची हकीकत व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तो २३ फेब्रुवारी २०११ रोजी सुरू झाला. तेव्हा चालवणारी कंपनी खासगी होती. बांधकामातल्या दोषांमुळे जुलै २०१२ पासून जानेवारी २०१३ पर्यंत गाड्या बंद राहिल्या. पुढे १ जुलै २०१३ पासून दिल्ली मेट्रोने तो स्वतःकडे घेतला. सुरुवातीला भाडे जड होते आणि डबे रिकामे धावत. मेट्रोने भाडे टप्प्याटप्प्याने उतरवले. सप्टेंबर २०१५ मध्ये टी-३ ते नवी दिल्ली भाडे १०० रुपयांवरून ६० रुपयांवर आणले आणि उतारू भराभर वाढले. दर उतरवून खप वाढवण्याचा हा आपल्याच धंद्यातला नियम इथे चालला. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली मेट्रोने भाडी वाढवली तेव्हा या मार्गावर जास्तीत जास्त ५ रुपये वाढले. म्हणून आपण हिशेबासाठी ६५ रुपये धरू.

नवी दिल्लीला उतरून थोडे चालायचे आणि पिवळ्या मार्गाची गाडी धरायची. चावडी बाजार हे पहिले स्टेशन, चांदणी चौक हे दुसरे. याचे भाडे वेगळे. नवीन दराप्रमाणे पहिल्या २ किलोमीटरला ११ रुपये आणि २ ते ५ किलोमीटरला २१ रुपये आहेत. आपण जास्तीचा आकडा म्हणजे २१ रुपये धरू. विमानतळ ते चांदणी चौक अशा प्रकारे ८६ रुपये झाले.

एक चूक टाळावी. टी-३ वरून गाडी दोन्ही दिशांना जाते. एक नवी दिल्लीकडे आणि दुसरी द्वारकेकडे. फलाटावरची पाटी वाचल्याशिवाय चढू नये. द्वारकेकडची गाडी मात्र एका कामासाठी फार उपयोगाची आहे. सप्टेंबर २०२३ पासून ती यशोभूमी स्टेशनापर्यंत जाते. यशोभूमी हे मोठे प्रदर्शन केंद्र आहे. सन २०२४ चे भारत टेक्स हे कापड उद्योगाचे प्रदर्शन भारत मंडपम आणि यशोभूमी अशा दोन ठिकाणी भरले होते. तिथले काम असेल तर टी-३ वरून उलट दिशेची गाडी धरावी. दुसऱ्याच स्टेशनावर उतरायचे आहे. शहरात जाऊन परत येण्याचे कारण नाही.

तिसरा पाठ : टी-१ वर उतरलात तर

टी-१ चे स्टेशन किरमिजी मार्गावर आहे. याला मॅजेंटा लाइन म्हणतात. हा भाग मे २०१८ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी टी-१ वाल्यांना बसने एरोसिटीपर्यंत यावे लागे. आता टी-१ वरून थेट हौज खास गाठायचे आणि तिथे पिवळा मार्ग धरायचा. हा मार्ग आयएनए, केंद्रीय सचिवालय, राजीव चौक, नवी दिल्ली, चावडी बाजार असे करत चांदणी चौकाला जातो.

वेळ टी-३ पेक्षा जास्त लागतो. तासाभराची तयारी ठेवावी. पण हा साध्या भाड्याचा मार्ग असल्याने खर्च कमी येतो. ऑगस्ट २०२५ पासूनचे दर असे आहेत : ५ ते १२ किलोमीटर ३२ रुपये, १२ ते २१ किलोमीटर ४३ रुपये, २१ ते ३२ किलोमीटर ५४ रुपये आणि त्यापुढे ६४ रुपये. म्हणजे टी-१ वरून चांदणी चौक फार तर ५४ रुपयांत होते. रविवारी आणि राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी लांबच्या अंतराचे दर याहून कमी असतात. चांदणी चौकातला कापडबाजार रविवारी बंद असतो. म्हणून रविवारी दुपारी-संध्याकाळी पोहोचून सोमवारी सकाळी बाजार उघडताच कामाला लागणे, हा बेत वेळेच्या आणि पैशाच्या दोन्ही दृष्टीने चांगला.

चौथा पाठ : टॅक्सीचा हिशेब

आता टॅक्सी पाहू. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली सरकारने ठरवलेल्या मीटरच्या दराप्रमाणे वातानुकूलित टॅक्सीला पहिल्या किलोमीटरला ४० रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २० रुपये आहेत. २० किलोमीटरचे ४२० रुपये झाले. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात पाव हिस्सा जास्त द्यावा लागतो, म्हणजे ५२५ रुपये. सामानाचे, थांबण्याचे, नाक्याचे पैसे वेगळे. फोनवरून बोलावण्याच्या टॅक्सीचा भाव मागणीप्रमाणे वरखाली होतो. पाऊस असला, एकाच वेळी चार विमाने उतरली, की तो चढतो.

पण खरी अडचण पैशाची नाही. लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतचा चांदणी चौकाचा मुख्य रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला केला. तेव्हापासून सकाळी ९ ते रात्री ९ या वेळात तिथे मोटारगाड्यांना मनाई आहे. म्हणजे दुकाने उघडी असतात त्या वेळेत टॅक्सी तुम्हाला कटरा नीलच्या तोंडाशी नेऊच शकत नाही. ती कुठेतरी टोकाला सोडणार आणि तिथून तुम्ही पायी किंवा सायकल रिक्षाने जाणार. मेट्रो मात्र चौकाच्या अगदी जवळ आणून सोडते. जास्त पैसे देऊन जास्त लांब उतरायचे, असा हा सौदा आहे.

पाचवा पाठ : हिशेब मालावर कसा पडतो

एकटा व्यापारी जाऊन-येऊन मेट्रोने १७२ रुपये देतो. टॅक्सीने ८४० रुपये. फरक ६६८ रुपये. त्याने १०० सूट पीस घेतले असतील तर दर पीसवर ६ रुपये ६८ पैसे फरक पडतो. ५०० पीस घेतले असतील तर १ रुपया ३४ पैसे. शेजारच्या दुकानदाराने तोच माल त्याच भावाने आणला असेल, तर शंभर पीसवाल्याला या पावणेसात रुपयांपायी एकतर महाग विकावे लागेल, नाहीतर नफा सोडावा लागेल. मालाची पडतळ काढताना खरेदीचा भाव, ट्रान्सपोर्ट आणि हमाली आपण धरतो. त्यात स्वतःचा वाटखर्चही धरला पाहिजे. वहीत "प्रवास" म्हणून एकच आकडा लिहू नये. विमान वेगळे, विमानतळ ते मुक्काम वेगळे, बाजारातली फिरती वेगळी, असे तीन आकडे लिहावेत. दोन-तीन खेपांनंतर पैसा कुठे गळतो ते वहीच सांगेल.

माणसे वाढली की हिशेब बदलतो. दोघांना मेट्रोचे १७२ रुपये, तिघांना २५८, चौघांना ३४४. टॅक्सी चौघांनाही ४२० च. म्हणजे चौघांच्या बाबतीत फरक फक्त ७६ रुपयांचा. बरोबर वृद्ध माणूस असेल, लहान मूल असेल, मुक्काम चांदणी चौकात नसून गाडी दारापर्यंत जाईल अशा ठिकाणी असेल, तर चौघांनी टॅक्सी करावी. तिथे ७६ रुपये वाचवण्यासाठी आईला जिने चढायला लावणे बरोबर नाही. स्वस्त म्हणजे नेहमी कमी तिकीट असे नव्हे. काम होऊन, तकलीफ न होता जे कमी पडते ते स्वस्त.

सहावा पाठ : वेळ

एअरपोर्ट एक्स्प्रेसच्या गाड्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास सुरू होतात आणि रात्री साडेअकराच्या सुमारास संपतात. शहरातले इतर मार्ग सकाळी थोडे उशिरा सुरू होतात आणि रात्री अकराच्या आसपास बंद होऊ लागतात. यात एक खाच आहे. रात्री उशिराची एअरपोर्ट एक्स्प्रेस तुम्हाला नवी दिल्लीला पोहोचवेल, पण तिथून पुढची पिवळ्या मार्गाची शेवटची गाडी गेलेली असू शकेल. म्हणून रात्री साडेनऊनंतर उतरणाऱ्या विमानाचे तिकीट घेताना विचार करावा. विमान वेळेवर आले तरी सामान मिळून बाहेर यायला अर्धा-पाऊण तास लागतो.

समजा, दोन तिकिटे आहेत. एक दुपारी उतरणारे. दुसरे रात्री साडेअकराला उतरणारे आणि ५०० रुपयांनी स्वस्त. दुसरे घेतले तर रात्रीची टॅक्सी ५२५ रुपये. दुपारी मेट्रोने ८६ रुपयांत काम झाले असते. म्हणजे ४३९ रुपये जास्त गेले आणि ५०० पैकी ६१ रुपयेच उरले. शिवाय अपरात्री लॉज शोधणे, झोप अर्धवट आणि दुसऱ्या दिवशी सौद्यात डोके जड. कापडाचा पोत, रंगाचा कमी-जास्तपणा, थानाची लांबी हे थकल्या डोळ्यांनी पाहायचे काम नाही.

रात्रीच उतरावे लागले तर विमानतळावरच्या प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर जावे, पैसे भरून पावती घ्यावी आणि ठिकाणावर पोहोचल्यावरच ती चालकाला द्यावी. दारात येऊन हात धरणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नये. "तुमचे लॉज बंद पडले, मी दुसरे दाखवतो" असे कोणी म्हणाले तर आपल्या लॉजला स्वतः फोन करून खात्री करावी. डीटीसीच्या बसगाड्याही विमानतळावरून मिळतात. त्यांचे भाडे थोडे असते पण वेळ बराच जातो. ज्याला घाई नाही आणि सामान थोडे आहे त्याने विचारून बघावे.

सातवा पाठ : सामान

मेट्रोत सामानाला मर्यादा आहे. सर्वसाधारण नियम एका माणसामागे २५ किलोचा आहे. आत जाताना पिशवी तपासणीच्या यंत्रातून जाते. देशांतर्गत विमानात स्वस्त तिकिटावर साधारणपणे १५ किलो सामान आणि ७ किलोची हातातली पिशवी चालते. बेरीज २२ किलो. म्हणजे विमानाच्या मर्यादेत राहणारा माणूस मेट्रोच्याही मर्यादेत बसतो. चाकांची एक बॅग आणि खांद्यावर एक पिशवी, याहून जास्त घेऊ नये.

परतताना मोह होतो. "इतके तरी बरोबर नेऊ" म्हणून गाठोडी बांधली जातात. मग मेट्रो सुटते, टॅक्सी करावी लागते आणि विमानात जादा वजनाचे पैसे भरावे लागतात. हे तिन्ही खर्च त्याच चार गाठोड्यांवर पडतात. मशवरा असा की बरोबर फक्त नमुने ठेवावेत. माल ट्रान्सपोर्टने पाठवावा, पक्के जीएसटी बिल घ्यावे आणि बिल्टी जपून ठेवावी. माल ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल तर ई-वे बिल लागते, त्याची जबाबदारी कोणाची ते सौदा करतानाच ठरवावे. हात मोकळे असले की मेट्रो सोपी.

काही विमान कंपन्यांचे सामान नवी दिल्ली मेट्रो स्टेशनावरच जमा करून बोर्डिंग पास घेण्याची सोय असते. टी-३ वरून परतणाऱ्यांनी आपल्या कंपनीला ती सोय आहे का आणि विमानाच्या किती तास आधी सामान घेतात, हे आधी विचारून घ्यावे.

आठवा पाठ : कोणत्या कामाला कोणते स्टेशन

हा भाग कापून खिशात ठेवला तरी चालेल.

कापड, सूट पीस, कटरा नील : चांदणी चौक, पिवळा मार्ग.

जरी, लेस, किनारी, गोटा, म्हणजे किनारी बाजार : चांदणी चौकातून सायकल रिक्षाने, किंवा जांभळ्या मार्गावरचे लाल किल्ला स्टेशन.

तांबे-पितळ, हार्डवेअर, लग्नपत्रिकांचा कागद : चावडी बाजार, पिवळा मार्ग.

जामा मशिदीचा परिसर, मटिया महल : जामा मशीद, जांभळा मार्ग. हे स्टेशन मे २०१७ पासून आहे.

करोल बाग : त्याच नावाचे स्टेशन, निळा मार्ग.

राज्यांची हस्तकला एम्पोरियम, बाबा खडकसिंग मार्ग : शिवाजी स्टेडियम. टी-३ वरून थेट, गाडी न बदलता. कारागिरांनी इथे एकदा तरी फिरून भाव आणि बांधणी पाहावी.

दिल्ली हाट : आयएनए. टी-१ वरून हौज खासला गाडी बदलली की तिसरे स्टेशन.

प्रगती मैदान, म्हणजे भारत मंडपम : निळ्या मार्गावरचे सुप्रीम कोर्ट स्टेशन. पूर्वी या स्टेशनाचे नाव प्रगती मैदान होते. जुन्या नावाने शोधू नये. दरवर्षी १४ नोव्हेंबरपासून भरणारा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा इथेच असतो.

सूरजकुंड मेळा, फेब्रुवारी महिना : टी-१ वरून किरमिजी मार्गाने कालकाजी मंदिर, तिथे जांभळ्या मार्गाने बदरपूर, पुढे बस किंवा ऑटो.

ग्रेटर नोएडाचे एक्स्पो मार्ट : टी-१ वरून गाडी न बदलता बोटॅनिकल गार्डन, तिथून निळ्या मार्गाने नोएडा सेक्टर ५२, थोडे चालून सेक्टर ५१ आणि नोएडाच्या ॲक्वा लाइनने नॉलेज पार्क दोन. या शेवटच्या मार्गाचे तिकीट वेगळे असते.

यावरून वाचकांच्या ध्यानात आले असेल की सूरजकुंड आणि ग्रेटर नोएडाला जाणाऱ्याने टी-१ चे विमान पाहावे, आणि चांदणी चौक किंवा यशोभूमीला जाणाऱ्याने टी-३ चे. तिकिटाचा भाव सारखा असेल तेव्हा टर्मिनल पाहून निवड करावी.

नववा पाठ : मेळ्याला जाणाऱ्या कारागिरांसाठी

मेळा १४ दिवसांचा असेल तर विमानतळाचा खर्च एकदाच येतो, पण मुक्काम ते मैदान हा खर्च रोजचा. समजा, मुक्काम नवी दिल्ली स्टेशनाजवळ आहे आणि मेळा प्रगती मैदानात. मेट्रोला एका बाजूचे २१ रुपये, रोजचे ४२, चौदा दिवसांचे ५८८ रुपये. ऑटोच्या मीटरला पहिल्या दीड किलोमीटरचे ३० रुपये आणि पुढे किलोमीटरला ११ रुपये आहेत. ६ किलोमीटर धरले तर सुमारे ८० रुपये, रोजचे १६०, चौदा दिवसांचे २,२४० रुपये. फरक १,६५२ रुपयांचा. लॉज शे-दीडशे रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून मेट्रोपासून लांब राहू नये. त्यातला मोठा हिस्सा ऑटोत जाईल.

जास्त दिवस राहणाऱ्याने मेट्रोचे स्मार्ट कार्ड घ्यावे. त्यावर दर फेरीला १० टक्के सूट मिळते, आणि साध्या मार्गांवर सकाळी आठच्या आत, दुपारी १२ ते ५ आणि रात्री ९ नंतर आणखी १० टक्के. रांगेचा वेळ वाचतो. एका खेपेसाठी कागदी किंवा फोनवरचे तिकीट पुरे. साध्या मार्गांवर गाडीच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. एकट्या जाणाऱ्या महिला कारागिरांना त्याचा उपयोग होतो. पुरुषांनी घाईत त्यात चढू नये, दंड होतो.

मेळ्याचा माल मात्र आधी ट्रान्सपोर्टने रवाना करावा आणि माल पोहोचल्याची खात्री करून मगच विमानात बसावे.

घरी सोडवण्यासाठी तीन प्रश्न

पहिला : तुम्ही एकटे आहात, बॅग १२ किलोची आहे, सोमवारी सकाळी १० वाजता टी-३ वर उतरता, काम कटरा नीलमध्ये आहे. काय कराल?

दुसरा : तुम्ही, पत्नी, आई आणि मुलगा असे चौघे दुपारी चारला टी-१ वर उतरता. मुक्काम करोल बागेत आहे. काय कराल?

तिसरा : सूरजकुंड मेळ्यासाठी दोन तिकिटे आहेत. एक टी-३ वर रात्री ११ वाजून ४५ मिनिटांनी उतरणारे, दुसरे ३०० रुपयांनी महाग पण टी-१ वर दुपारी एकला उतरणारे. कोणते घ्याल?

उत्तरे अशी. पहिल्यात मेट्रो, यात विचार करण्यासारखे काही नाही. दुसऱ्यात टॅक्सी, कारण डोकी चार आहेत, बरोबर वृद्ध आई आहे आणि करोल बागेत गाडी मुक्कामापर्यंत जाते. तिसऱ्यात दुपारचे विमान. अपरात्रीची टॅक्सी ३०० रुपयांच्या बचतीपेक्षा जास्त खाईल, आणि टी-१ वरून कालकाजी मंदिरापर्यंत एकच गाडी आहे.

सारांश, तिकीट काढण्यापूर्वी कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात : टर्मिनल कोणते, उतरण्याची वेळ कोणती, माणसे किती, सामान किती, आणि शेवटचे पाऊल कुठे टाकायचे आहे. या पाच ओळींवरून वाहन ठरते. भाडी बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी दिल्ली मेट्रोच्या ॲपमध्ये दोन्ही स्टेशनांची नावे टाकून त्या दिवसाचे भाडे आणि शेवटच्या गाडीची वेळ पाहावी. घरातल्या शाळकरी मुलाला सांगितले तरी तो दोन मिनिटांत काढून देईल. तो कागद तिकिटाबरोबर खिशात ठेवावा आणि विमानातून उतरल्यावर त्याप्रमाणेच चालावे.